कीट्सला कुणी मारलं म्हणे?

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. वर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स', खाली गुलाबाचं फूल आणि जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: महान इंग्रज कवी जॉन कीट्सने आपला पहिला कवितासंग्रह काढला. एका दुष्ट समीक्षकाने त्याच्या चिंधड्या उडवल्या. कोवळ्या मनाला तो घाव सोसवला नाही, दुःखाने क्षय जडला आणि पंचविसाव्या वर्षी कवी गेला. प्रेयसीने आजारपणात पाठ फिरवली. जिवलग मित्र शेलीने इटलीला बोलावलं, पण मानी कीट्सने पत्राला उत्तरसुद्धा दिलं नाही. परमुलखात मरताना उशाशी कुणी नव्हतं. मित्राच्या विरहाने शेलीनेही समुद्रात जीव दिला; प्रेत सापडलं तेव्हा खिशात कीट्सच्या कविता होत्या. कीट्सच्या थडग्यावर नावही नाही. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं, 'मला शब्दांनी मारलं.' तात्पर्य: शब्द जपून वापरा.

असे मेसेज मी वाचून सोडून देते. हा सोडवेना, कारण तो माझ्या वहिनीने माझ्या भाचीला उद्देशून टाकला होता. भाचीला फुप्फुसाचा क्षय निघालाय, गोळ्या चालू आहेत. ती कविता करते, आणि आजाराच्या थोडं आधी कॉलेजच्या वार्षिकाने तिच्या कविता परत पाठवल्या होत्या. झालं. घरात एकमताने निदान ठरलं: 'पोरीने मनाला लावून घेतलं.' मेसेजखाली दोघीतिघींनी 'अगदी खरं गं' म्हणून मान डोलावली, आणि कीट्स आमच्या घरचा साक्षीदार झाला.

हा साक्षीदार मला बऱ्यापैकी ओळखीचा आहे, कॉलेजात पोरांना तोच शिकवत आले. आणि त्याची साक्ष कुठे शोधायला जावं लागत नाही, त्याने ती स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे. हायडर रॉलिन्सने संपादित केलेले त्याच्या पत्रांचे दोन खंड हार्वर्ड विद्यापीठाने १९५८ मध्ये काढले. पुढे जे सांगते ते बहुतेक त्या खंडांच्याच भरवशावर.

आधी समीक्षेचं बघू, कारण बाकी सगळं त्याच खुंटीला टांगलेलं आहे.

पहिला संग्रह वगैरे काही नाही. कीट्सचा पहिला संग्रह १८१७ चा. तो फारसा कुणी विकतच घेतला नाही, त्यामुळे त्याच्या चिंधड्या उडवायचे कष्टही फार कुणी घेतले नाहीत. झोड उठली ती १८१८ मध्ये आलेल्या 'एन्डिमियन' या दीर्घकाव्यावर. आणि ती एकाने नाही, दोघांनी उठवली. ऑगस्टमध्ये 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'मध्ये 'झेड' या सहीखाली जॉन गिब्सन लॉकहार्टने, आणि सप्टेंबरमध्ये 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्ये निनावी जॉन विल्सन क्रोकरने. क्रोकरने तर लेखात सरळ कबूल केलं की चार सर्गांपैकी पहिल्याच्या पुढे आपल्याला जाववलं नाही. लॉकहार्टचा लेख जास्त विषारी. कीट्स औषधं देण्याचं काम शिकला होता, १८१६ मध्ये त्याला त्याचा परवानाही मिळाला होता. त्याला धरून हा गृहस्थ लिहितो की उपाशी कवी होण्यापेक्षा उपाशी औषधवाला होणं शहाणपणाचं, तेव्हा मिस्टर जॉन, परत दुकानात चला, मलमपट्ट्यांकडे आणि गोळ्यांकडे.

हे लागणारं होतं, कबूल. पण लागल्यावर कीट्सने काय केलं? वर्तमानपत्रात त्याची बाजू घेणारी पत्रं छापून आली. प्रकाशक हेसीने ती कात्रणं त्याला पाठवली. त्यावर ऑक्टोबर १८१८ मध्ये कीट्सने हेसीला जे उत्तर लिहिलं ते मी दरवर्षी वर्गात मोठ्याने वाचून दाखवायची. तो म्हणतो, स्तुती आणि निंदा यांचा परिणाम क्षणभराचा. ज्याला सौंदर्याचीच ओढ आहे तो स्वतःच्या लिखाणाचा सगळ्यात कठोर परीक्षक असतो. माझ्या स्वतःच्या घरगुती समीक्षेने मला जेवढं दुखवलंय तेवढं ब्लॅकवुड आणि क्वार्टर्ली मिळूनही दुखवू शकणार नाहीत. पुढे तर तो समीक्षकांच्या बाजूनेच बोलतो: एन्डिमियन गबाळं आहे हे खरंच आहे, पण ते गबाळं राहिलं हा माझा दोष नाही, त्या वेळी माझ्या ताकदीत जेवढं बसत होतं तेवढं ते चांगलं आहे. किनाऱ्यावर बसून बासरी वाजवत, चहा पीत, लोकांचे सल्ले ऐकत राहिलो असतो तर समुद्रातले खडक आणि वाळूचे भोवरे कळले नसते; मी डोकं खाली करून उडी मारली. अपयशाची भीती मला कधीच नव्हती, थोरांच्या पंगतीत न बसण्यापेक्षा मी आपटणं पसंत करीन.

हा मनाला लावून घेतलेला माणूस? वय त्या वेळी बावीस, तेवीस पूर्ण व्हायला थोडे दिवस बाकी.

त्याच महिन्यात अमेरिकेला गेलेल्या भावाला, जॉर्जला, तो कळवतो की हे सगळं तेवढ्यापुरतं आहे, मरणानंतर मी इंग्रजी कवींमध्ये असेन असं मला वाटतं. वर ही बातमी देतो की क्वार्टर्लीने मला चिरडायचा प्रयत्न केला त्याने उलट माझं नाव जास्त झालं. दुकानदारी भाषेत सांगायचं तर फुकटची जाहिरात. आणि एन्डिमियनची खरी उणीदुणी काढायला तर समीक्षक लागलेच नव्हते. छापताना प्रस्तावनेत कीट्सनेच लिहून टाकलं होतं की हे पूर्ण झालेलं काम नाही, तापातली धडपड आहे.

यानंतर कवी काय करतो? मेसेजप्रमाणे तो झुरत बसायला हवा. प्रत्यक्षात पुढच्या वर्षभरात, १८१९ मध्ये, त्याने 'ईव्ह ऑफ सेंट अ‍ॅग्नेस', 'ला बेल दाम', नाइटिंगेलचं ओड (उद्देशून केलेली गौरवपर कविता), ग्रीक कलशाचं ओड आणि सप्टेंबरात 'टू ऑटम' लिहिलं. आमच्या बी.ए., एम.ए.च्या पोरांना आजही जो कीट्स लागतो तो जवळजवळ सगळा या तथाकथित खुनानंतरचा. त्या वर्षी फेब्रुवारीपासून मेपर्यंत जॉर्ज आणि त्याच्या बायकोला लिहिलेलं एक लांबलचक पत्र आहे, दिवसादिवसाने वाढत गेलेलं. त्यात मार्चमध्ये तो सांगतो की काल पहिल्यांदाच क्रिकेटची बॅट हातात धरली आणि डोळा काळानिळा झाला, मग मित्र ब्राउनने पापणीला जळू लावली. पुढे एप्रिलमध्ये 'ला बेल दाम' ही कविता त्याच पत्रात उतरवून काढतो आणि लगेच खाली स्वतःचीच थट्टा करतो: चारच चुंबनं का, तर माझ्या प्रतिभेच्या उधळलेल्या घोड्याला आवर म्हणून. दोन्ही डोळ्यांना सारखा न्याय मिळायला सम संख्या हवी. सात म्हटलं असतं तर प्रत्येकी साडेतीन, मोठाच पेच. इंग्रजीतली एक अत्यंत देखणी, अंगावर काटा आणणारी कविता, आणि तिच्या पायाशी हा चावटपणा. खचलेल्या माणसाला सुचतो का हो असा?

मग हे 'समीक्षेने मेला' आलं कुठून? मित्रांच्या पत्रांतूनच आलं, आणि तेही अशा मित्राच्या, जो तिथे नव्हता. एप्रिल १८२१ मध्ये इटलीतल्या पिसाहून कवी शेलीने कवी बायरनला कळवलं की क्वार्टर्लीच्या हल्ल्याने निराशेचे झटके येऊन, रक्तवाहिनी फुटून कीट्स रोममध्ये वारला. शेलीला हे सगळं ऐकीव कळलेलं. १८१८ च्या मार्चमध्ये त्याने इंग्लंड सोडलं, त्यानंतर त्याची आणि कीट्सची गाठच पडली नव्हती. शिवाय क्वार्टर्लीने शेलीलाही सोलून काढलं होतं, म्हणजे त्याचं स्वतःचं भांडण होतंच. बायरनचं उत्तर वाचण्यासारखं आहे: ऐकून वाईट वाटलं, पण हे खरं आहे का? टीका इतकी जीवघेणी असते असं मला वाटलं नव्हतं. त्याच सुमाराला प्रकाशक मरेला तो लिहितो की माझ्या पहिल्या कवितांवर असाच हल्ला झाला तेव्हा मीही आडवा झालो, पण रक्तवाहिनी फोडून घेण्याऐवजी क्लॅरेट दारूच्या तीन बाटल्या प्यायलो आणि प्रत्युत्तर लिहायला बसलो. खरं आहे का, हा प्रश्न अगदी रास्त होता. पण त्याचं उत्तर मिळवायची तसदी न घेता या दोघांनी गोष्ट पक्की केली. शेलीने त्याच वर्षी 'अ‍ॅडोनेइस' हे शोककाव्य छापून प्रस्तावनेत तोच खुलासा घातला, आणि बायरनने 'डॉन ह्वान'च्या अकराव्या सर्गात एका लेखाने विझलेल्या जिवावर यमक जुळवलं. यमक झकास जुळलं, म्हणून दोनशे वर्षं टिकलं. आमच्या ग्रुपवर जे आलं ते त्याचंच शेपूट.

आता क्षय. खरा संताप मला इथे आहे.

कीट्सची आई १८१० मध्ये क्षयाने गेली. तो चौदा वर्षांचा होता, शाळेच्या सुट्टीत तिच्या उशाशी बसायचा. १८१८ चा पावसाळा-हिवाळा, म्हणजे ज्या महिन्यांत ते दोन लेख आले नेमक्या त्याच महिन्यांत, तो हॅम्पस्टेडमधल्या भाड्याच्या खोल्यांत धाकट्या टॉमची शुश्रूषा करत होता. टॉम १ डिसेंबर १८१८ ला क्षयाने गेला. बंद खिडक्या, एकच हवा, खोकणारा भाऊ, महिनोन् महिने. स्कॉटलंडच्या पायी सफरीहून तो घसा बिघडलेला घेऊनच परतला होता. या सगळ्याला बाजूला सारून कुणाला क्रोकरची कुचाळकी कारण म्हणून दिसत असेल तर धन्य आहे.

३ फेब्रुवारी १८२० च्या रात्री, म्हणजे लेखांनंतर जवळजवळ दीड वर्षाने, पैसे वाचवायला गाडीच्या बाहेरच्या जागेवर बसून तो थंडीत घरी आला. अंथरुणात शिरताना खोकला आला. मित्र चार्ल्स ब्राउनने पुढे लिहून ठेवलंय: कीट्स म्हणाला, मेणबत्ती आण, मला हे रक्त बघू दे. चादरीवरचा थेंब निरखून तो शांतपणे म्हणाला, या रक्ताचा रंग मला माहीत आहे, हे धमनीचं रक्त आहे, हा थेंब म्हणजे माझं मरणाचं फर्मान. गाइज हॉस्पिटलमध्ये शिकलेला माणूस होता तो. स्वतःचं निदान त्याने स्वतः केलं, आणि ते शेलीच्या निदानापेक्षा बरोबर निघालं. मृत्यूनंतर शवविच्छेदन झालं. फुप्फुसं पार नाहीशी झालेली, शेवटचे दोन महिने हा जगला कशावर हेच डॉक्टरांना कळेना, असं रोममध्ये त्याच्याबरोबर राहिलेल्या सेव्हर्न या मित्राने मार्च १८२१ मध्ये प्रकाशक टेलरला कळवलं.

त्या काळी इंग्लंडात क्षय हा हळव्या, नाजूक, बुद्धिमान माणसांचा आजार समजत. जर्मन डॉक्टर कॉखला त्याचा जंतू सापडला १८८२ मध्ये, कीट्सला जाऊन साठ वर्षं होऊन गेल्यावर. त्यामुळे १८२१ मध्ये शेलीने रक्तवाहिनी आणि निराशा यांची सांगड घातली तर त्याला मी फाशी देणार नाही. रोममधले सरकारी लोक मात्र क्षय संसर्गजन्य मानत. कीट्स गेल्यावर त्यांनी खोलीतलं सामान जाळायला लावलं, भिंती खरवडायला लावल्या. सेव्हर्नला त्याचा फार त्रास झाला. पण कवींपेक्षा ते पोलीस सत्याच्या जवळ होते.

१८८२ नंतर मात्र सबब नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, साधा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, पण सहा महिने म्हणजे सहा महिने. महिना-दीड महिन्यात ताप उतरतो, वजन चढायला लागतं, आणि माणूस गोळ्या सोडतो. त्यात जर घरच्यांनी ठरवलं असेल की हे मनाचं दुखणं आहे, तर मन रमलं की गोळ्यांचं काय काम? शिवाय आजारी माणसाच्या माथी दोष येतो तो वेगळाच: तूच हळवी, तूच लावून घेतलंस. अन्न पोटभर नसेल, अंग खंगलेलं असेल तर क्षयाला रान मोकळं मिळतं, एवढं खरं. पण जंतू कविता वाचत नाही, आणि परत आलेली कविता जंतू होत नाही. वहिनीला मी हे ग्रुपवरच लिहिलं, खासगीत नाही. तिने अंगठा पाठवला. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही.

उरलेल्या मुद्द्यांकडे वळते.

शेली 'जिवलग मित्र' नव्हता. कवी आणि संपादक ली हंटच्या घरी १८१६ च्या हिवाळ्यात ओळख झाली. शेली श्रीमंत सरदारघराण्यातला, कीट्स घोड्यांच्या पागेवाल्याचा मुलगा. कीट्स जरा अंतर राखूनच होता. १८१७ मध्ये बेली या मित्राला तो लिहितो की शेलीकडे राहायला जायचं मी नाकारलं, कारण मला माझा मोकळा पल्ला हवा होता. आणि पत्राला उत्तर दिलं नाही, ही तर शुद्ध थाप. दोन्ही पत्रं शिल्लक आहेत. शेलीचं २७ जुलै १८२० चं, पिसाहून: तुमच्या आजाराचं ऐकलं, हिवाळ्याला इकडे या, आमच्याकडेच राहा. त्यात तो असंही म्हणतो की हा क्षय मोठा रसिक, तुमच्यासारख्या चांगल्या कविता लिहिणाऱ्यांवर त्याचा विशेष लोभ. आजाऱ्याला हसवायला केलेली कोटी. ती कोटी पुढे लोकांनी शास्त्र म्हणून घेतली, त्याला शेली काय करणार. आणि त्याच पत्रात, आमंत्रणाच्या बरोबरच, एन्डिमियनबद्दल: काव्याचा खजिना आहे, पण उधळलाय अस्ताव्यस्त.

कीट्सचं उत्तर १६ ऑगस्टचं, हॅम्पस्टेडहून. रक्त पडून सहा महिने झालेले. तो आभार मानतो. इंग्लंडचा हिवाळा मला रेंगाळत रेंगाळत मारणार, तेव्हा तोफखान्यावर चालून जाणाऱ्या सैनिकासारखं इटलीला गेलंच पाहिजे, म्हणतो. येईनच असा शब्द देत नाही, पण नकारही देत नाही. मग शेलीने पाठवलेल्या 'द चेंची' नाटकाकडे वळतो आणि सांगतो: तुमची ही उदारता जरा आवरा, कलावंत व्हा, विषयाची प्रत्येक फट सोन्याच्या मातीने भरा. हॅम्पस्टेडच्या माळावर तुम्ही मला सुरुवातीच्या कविता छापू नका म्हणून सांगितलं होतंत, आता तोच सल्ला तुम्हाला परत करतो. मरणाच्या दारातला माणूस, ज्याने आसरा देऊ केला त्याला, पहिल्याच धडाक्यात काव्यातला दोष दाखवतो. आणि शेलीने राग धरला नाही. वर्षाच्या आत त्याच माणसावर इंग्रजीतलं एक मोठं शोककाव्य लिहिलं. 'शब्द जपून वापरा' म्हणणाऱ्यांनी हे पत्र एकदा वाचावं. त्या मंडळींत शब्द जपून कुणीच वापरत नव्हतं. प्रकाशक टेलर, कायदेपंडित वुडहाउस, मित्र रेनल्ड्स, सगळे एकमेकांच्या ओळी खोडत, भांडत, आणि एकमेकांची पत्रं जपून उतरवून ठेवत. वुडहाउसने नकला करून ठेवल्या नसत्या तर यातलं बरंच आज आपल्या हाती नसतं.

मैत्रीने कीट्सचं नुकसान केलं असेल तर ते भलत्याच वाटेने. हा बेली १८१८ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये एका बिशपच्या घरी लॉकहार्टला भेटला. मित्राची बाजू मांडायला म्हणून गेला आणि कीट्स औषधांचं शिकलाय हे बोलून बसला. हे छापू नका, असं वर बजावलंही. ते 'मिस्टर जॉन, परत दुकानात' तिथून आलं. आणि मुळात ब्लॅकवुडचा रोख होता ली हंटवर, जो राजपुत्राची निंदा छापल्याबद्दल दोन वर्षं तुरुंगात बसून आला होता. कीट्स हंटच्या गोटातला, म्हणून त्याला चोप. पुस्तकाचं परीक्षण कमी आणि राजकारण जास्त. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागू नये.

'उशाशी कुणी नव्हतं' हे वाचून तर मी मोबाइल आपटायचीच बाकी होते. जोसेफ सेव्हर्न हा चित्रकार चार दिवसांत तयारी करून कीट्सबरोबर जहाजावर चढला. थोडा त्याचाही फायदा होता, इटलीत चित्रं शिकायची होती, तेवढं मान्य. ब्राउन सोबत यायला हवा होता आणि तो आला नाही, हेही मान्य. तो स्कॉटलंडला होता, आणि त्याचं परतीचं जहाज ग्रेव्हसेंड बंदरात कीट्सच्या जहाजाच्या जवळ उभं होतं, दोघांनाही पत्ता नाही. पण १५ नोव्हेंबर १८२० ला रोमला पोचल्यापासून २३ फेब्रुवारीपर्यंत पियात्सा दि स्पान्याच्या त्या घरात सेव्हर्नने स्वयंपाक केला, भांडी घासली, पुस्तकं वाचून दाखवली, भाड्याचा पियानो आणून हायडनचं संगीत वाजवलं. खाणावळीचं जेवण इतकं वाईट यायचं की कीट्सने एकदा एकेक ताट खिडकीतून खाली ओतलं. त्यानंतर जेवण सुधारलं. जागरणात डोळा लागला तर अंधार होऊ नये म्हणून सेव्हर्न एका मेणबत्तीच्या बुडापासून दुसरीच्या वातीपर्यंत दोरा बांधून ठेवायचा. एका रात्री पहिली विझत आली, कीट्स जागा, सेव्हर्नला डुलकी. दोरा पेटत गेला आणि दुसरी लागली. कीट्स ओरडला, सेव्हर्न, बघ, एका इवल्याशा परीने दिवा लावला! २८ जानेवारीच्या पहाटे तीन वाजता स्वतःला जागं ठेवायला त्याने कीट्सचं रेखाचित्र काढलं आणि खाली तसं लिहूनही ठेवलं. कीट्सने आत्महत्येसाठी अफूच्या अर्काची बाटली मागितली, ती त्याने दिली नाही, डॉक्टर क्लार्ककडे सोपवली. क्लार्कचे उपचार म्हणजे रक्त काढणं आणि जवळजवळ उपाशी ठेवणं. कुणी मारायला हातभार लावलाच असेल तर समीक्षकाच्या आधी त्या वैद्यकाचं नाव घ्यावं लागेल, बिचाऱ्याने मनापासून केलं तरी.

प्रेयसीने, म्हणजे फॅनी ब्रॉनने, पाठ फिरवली, हेही खोटं. ती शेजारीच राहायची. इटलीला निघण्यापूर्वी शेवटचा महिना कीट्स तिच्याच घरी होता, तिच्या आईने त्याचं केलं. रोमला तिची पत्रं येत होती. ती उघडायचं त्याला धैर्य झालं नाही, ती न फोडताच त्याच्याबरोबर पुरली. पाठ फिरवलेली मुलगी पत्रं पाठवत नाही.

शेलीने जीव दिला नाही. लिव्होर्नोला हंटला भेटून परत जाताना ८ जुलै १८२२ ला वादळात नाव बुडाली. बरोबर आणखी दोघं होते, त्यांनी काय कीट्सच्या विरहाने जीव दिला? खिशातलं पुस्तक मात्र खरं आहे. हंटकडून वाचायला आणलेला कीट्सचा १८२० चा संग्रह, उलटा दुमडून खिशात कोंबलेला. एवढं मेसेजमध्ये खरं निघालं.

थडग्याचं अर्धं खरं. दगडावर कीट्सचं नाव नाही, कारण त्याला 'इथे तो झोपलाय, ज्याचं नाव पाण्यावर लिहिलं होतं' एवढीच ओळ हवी होती. वरचा 'शत्रूंच्या दुष्टपणाने मन कडवट झालेला तरुण इंग्रज कवी' हा मजकूर ब्राउन आणि सेव्हर्नने घातला. रागाच्या भरात घातला, आणि पुढे त्यांना त्याचा पस्तावा झाला. शेवटच्या महिन्यांत कीट्स कडवटपणे बोलायचा हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण तोपर्यंत त्याच्या फुप्फुसात काही उरलं नव्हतं, आणि तापातल्या माणसाच्या बोलण्यावरून खुनाचा गुन्हा नोंदवत नाहीत. सेव्हर्न १८७९ मध्ये वारला, आता त्याचं थडगं शेजारीच आहे, आणि त्या दगडावर कीट्सचं नाव ठसठशीत कोरलेलं आहे.

राहता राहिलं ते 'शेवटचं पत्र'. ते ३० नोव्हेंबर १८२० चं, रोमहून ब्राउनला लिहिलेलं. 'मला शब्दांनी मारलं' असं वाक्य त्यात नाही, कुठल्याच पत्रात नाही. त्यात आहे ते असं: माझं खरं आयुष्य कधीच संपलं, हे मरणानंतरचं चाललंय असं सारखं वाटतं. मित्राचं अक्षर बघवत नाही इतका दुबळा झालोय, तरी लहानशा घोड्यावर बसून फिरतो. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसाला फारसं काही नाही, पोट बिघडलंय. मला मारायला एक विचार पुरेसा आहे: मी धडधाकट होतो, तिच्याबरोबर (फॅनीबरोबर) फिरायचो, आणि आता. सेव्हर्न बरा आहे, माझ्यापायी कंटाळवाणं आयुष्य काढतोय. जॉर्जला कळव. बहिणीला चिठ्ठी टाक, ती थेट टॉमसारखी दिसते. शेवटी, पत्रातसुद्धा निरोप घ्यायला जमत नाही, मला वाकून नमस्कार कधी धड करताच आला नाही.

मित्र, भाऊ, बहीण, ती, घोडा, पोट. क्वार्टर्लीचं नाव नाही, ब्लॅकवुडचंही नाही.